राहिलेले पाहुणे

"हळू बोला रे जरा," असं म्हणत भाऊने गच्चीचं दार लोटून घेतलं आणि स्वतःच खुर्ची अशी खर्रकन ओढली की खालच्या खोलीत निजलेला माणूस दचकून उठावा.

"बाबा, त्यांना आपली भाषा येत नाही," चिमी म्हणाली.

"भाषा नाही येत, सूर तर कळतो ना? आपल्याला घालवायचं चाललंय हे माणसाला सुरावरून कळतं."

"म्हणजे घालवायचंच चाललंय."

भाऊने खुर्चीत बूड टेकलं. लेकीपुढे त्याचं कधीच काही चाललं नव्हतं, आणि बायको गेल्यापासून तर त्याने चालवून बघायचंही सोडून दिलं होतं.

ताई कठड्याला टेकून उभी होती. भाऊ आणि बाळ्या या दोघांची ती थोरली बहीण. उभा जन्म हॉस्पिटलात नर्स म्हणून काढला, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर घरातली तळमजल्याची मागची खोली तिच्या वाट्याला आली. गच्चीवरून गल्लीच्या टोकाचं स्टेडियम दिसायचं. त्याच्या भिंतीवर खेळाडूंची मोठाली चित्रं छापलेलं कापड अजून लटकत होतं. कामगार शिड्या लावून ते उतरवत होते. एका नामांकित खेळाडूचा आता नुसता गुडघा आणि बूट उरला होता.

फुटबॉलचा विश्वचषक संपून गेला होता. महिनाभर या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. तोंडं रंगवलेली माणसं नाचत जायची, गात यायची, आणि हरलेली असली की पायरीवर बसून लहान पोरासारखी रडायची. ताईने अशा कितीतरी रडणाऱ्यांना पाणी पाजलं होतं. आता गल्ली एवढी शांत झाली होती की पलीकडच्या घरातली शिट्टी ऐकू यायची, आणि ती कुकरची आहे हे पटायला क्षणभर लागायचं. कारण महिनाभर शिट्टी म्हणजे पंच.

"विषय सरळ आहे," बाळ्या म्हणाला. हा धाकटा. पंचेचाळिशी उलटली, स्टेडियमच्या दिव्यांचा मुख्य इलेक्ट्रिशियन झाला, तरी घरात बाळ्याच. "उद्या हॉटेलवाला सही घ्यायला येतोय. आठवड्याभरात घर रिकामं पाहिजे म्हणतोय. आपण शब्द दिलाय. आणि खाली ताईच्या खोलीत पाहुणे आहेत, त्यांना डॉक्टर अजून महिनाभर विमानात बसू देणार नाहीत. आता बोला."

बाळ्याची बायको, जिला घरात सगळे धाकटी म्हणत, वाळत घातलेल्या चादरीचं एक टोक उगाच सारखं करत राहिली.

घर विकायचं ठरलं ते स्पर्धेच्या आधीच. स्टेडियमच्या शेजारची जागा, मागणारे दारात उभे. भाऊला त्याच्या बसडेपोजवळ छोटं घर हवं होतं, धाकटीला स्वतःचं स्वयंपाकघर हवं होतं, आणि भावाभावांत तसंही काही उरलं नव्हतं. आईच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून दोघांची जुंपली होती, आणि आई गेल्यावर भांडण मिटायच्या ऐवजी गोठून बसलं होतं. एकाच जिन्यावरून जा-ये करायची, पण "त्याला सांग" आणि "त्याला विचार" असं ताईमार्फत. ताई म्हणायची, मी नर्स होते, तुम्ही मला पोस्टमन केलंत.

त्यात विश्वचषक आला. स्पर्धेपुरता वरचा मजला पाहुण्यांना द्यायचं धाकटीनेच ठरवलं, आणि लांबच्या एका चिमुकल्या थंड देशातलं एक वयस्क जोडपं येऊन उतरलं. माणूस सुतार, बायको शाळेत स्वयंपाक करणारी. मुलगा त्यांच्या देशाच्या संघात होता. दोन नंबरचा गोली, राखीव गोलरक्षक.

"म्हणजे खेळतो कधी?" धाकटीने चिमीला विचारलं होतं. चिमी स्पर्धेत दुभाषी म्हणून काम करत होती आणि पाहुण्यांची भाषा तिला येत होती.

चिमीने विचारलं. सुतार मोठ्यांदा हसला आणि म्हणाला, "खेळत नाही. बाकावर बसतो. पण बाकसुद्धा टीव्हीवर दाखवतात."

ते हसणं ताईला पहिल्याच दिवशी आवडलं. आवडली नाही ती त्याची धाप. जिना चढून आला की तो उगाच खिडकीपाशी थांबायचा, बाहेर बघण्याचं निमित्त करून. ताईने असे निमित्त करणारे जन्मभर पाहिले होते. बाद फेरीच्या सामन्याच्या दिवशी सकाळी तिने त्याला स्टेडियमच्या पायऱ्या चढायला सरळ मनाई केली आणि डॉक्टरकडे चला म्हणाली. तो म्हणाला, सामना होऊ दे, उद्या जाऊ. बायकोला त्याने चिमीबरोबर पाठवून दिलं आणि स्वतः घरी ताईबरोबर टीव्हीपुढे बसला.

ती दुपार ताईच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. स्टेडियम इतकं जवळ की आरोळी आधी खिडकीतून यायची आणि काय झालं ते टीव्हीवर मागाहून दिसायचं. सामना संपत आला तेव्हा खिडकीतून एक मोठा हुंकार आला. मागून टीव्हीवर दिसलं की पहिला गोली खांद्यावर आपटला आहे आणि उठत नाही. मग बाकावरून एक उंच पोरगा उठला, अंगातलं जाकीट काढताना त्याचा हात बाहीत अडकला, आणि ताईच्या शेजारी बसलेला सुतार उभा राहिला. तो नंतर बसलाच नाही.

बरोबरी सुटली नाही. पेनल्टी आल्या. पोराने एक अडवली. मग टीव्हीवर दुसरी, सामना जिंकून देणारी, अडवायच्या आधीच खिडकीतून अशी आरोळी आली की भिंतीवरचं घड्याळ थरथरलं. सुताराला कळलं. टीव्हीवर अजून चेंडू ठेवलेलाच होता, पण त्याला कळलं. त्याने छातीवर हात ठेवला. कोणालाही वाटलं असतं, आनंदाने. ताईने त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि त्या घामाचा थंडपणा तिला हात न लावताच समजला.

तिने त्याला टेकवून बसवलं, ॲस्पिरिनची गोळी चघळायला लावली, ॲम्ब्युलन्सला फोन केला. पलीकडची मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली, रस्ते बंद आहेत, सामना सुटतोय, गर्दीतून गाडी कशी काढू सांगा. मग ताईने भाऊला फोन लावला. भाऊ स्पर्धेच्या खास बसवर ड्रायव्हर होता, आणि त्या वेळी त्याची बस गल्लीच्या तोंडाशी प्रेक्षकांची वाट बघत उभी होती.

"मार्ग सोडून बस काढली तर माझी नोकरी जाईल," भाऊ म्हणाला. आणि त्याच श्वासात, "दारात आण त्याला, आलोच."

पुढच्या पाच-दहा मिनिटांत काय झालं ते ताईला तुकड्यातुकड्यांनीच आठवायचं. ती भलीमोठी बस दाराला घासून उभी राहिली. आत दोन प्रेक्षक आधीच बसलेले होते. हरलेल्या संघाचे. पेनल्टी बघायची छाती झाली नाही म्हणून बाहेर येऊन बसलेले. डोळ्यांतल्या पाण्याने गालावरचे रंग ओघळलेले. त्यांनी सुताराच्या अंगातला शर्ट पाहिला, तो जिंकणाऱ्यांचा. आणि दोघांनी काही न विचारता त्याला उचलून आत घेतलं. एकाने शेवटपर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून ठेवलं. वाटेत नाडी लागेना झाली, तेव्हा ताई बसच्या फरशीवर गुडघे टेकून त्याची छाती दाबत राहिली, आणि दमली तेव्हा दुसऱ्याने, ती खुणेने दाखवत होती तसं, दाबलं. नाडी परत आली तेव्हा तो दुसरा तोंड फिरवून रडला. हॉस्पिटलच्या दारात दोघं गर्दीत कुठे नाहीसे झाले कोण जाणे. त्यांचे आभार मानायचे राहून गेले याची ताईला अजून चुटपुट लागायची. कधीतरी वाटेने जाता जाता ती मनातल्या मनात मानूनही टाकायची.

आणि त्या गडबडीत भाऊने एका हाताने स्टिअरिंग धरून बाळ्याला फोन लावला होता. किती दिवसांनी, देव जाणे.

"बाळ्या, पूर्वेचं फाटक उघडायला लाव. बस घेऊन येतोय."

"कोण? भाऊ? तूच बोलतोयस ना?"

"मग कोण तुझा आजा बोलतोय? फाटक!"

फाटक उघडलं. स्टेडियमच्या आतल्या रस्त्याने बस थेट पलीकडच्या हमरस्त्याला लागली. फाटकाशी बाळ्या स्वतः पळत आला होता, आणि बस पुढे जाईपर्यंत हात वर करून पोलिसांना थोपवत उभा होता. डॉक्टर पुढे म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं.

पोरगा पुढचा सामना खेळला, संघ हरला, आणि तो आठवडाभर बापाच्या उशाशी येऊन बसला. मधूनमधून ताईच्या घरी यायचा, भांडी घासायचा आणि स्वयंपाकघराच्या बुटक्या दाराला दर वेळी डोकं आपटून घ्यायचा. मग त्याच्या क्लबचं बोलावणं आलं आणि त्याला जावं लागलं. भाऊला डेपोतून नोटीस आली. साहेबांनी त्याला समोर उभं करून झापझाप झापलं, आणि मग दार लावून त्याचा हात हातात घेतला. विषय तिथेच मिटला.

छातीचं ऑपरेशन होऊन सुतार हॉस्पिटलातून सुटला तो ताईच्या खोलीत आला, कारण जिना चढायचा नव्हता. ताई वर राहायला गेली.

"मी काय म्हणते," ताई आता कठड्यावरून वळली, "तुम्ही सही करून टाका. शब्द दिलाय तो पाळा. पाहुण्यांना मी घेऊन जाते."

"कुठे?" चिमी म्हणाली.

"आमचं नर्सेसचं वसतिगृह आहे ना, निवृत्त बायकांना खोल्या देतात. मी माझी सांगून ठेवलीय. शेजारची महिनाभर मिळेल त्यांना. खालच्या मजल्याची आहे, दवाखाना आवारातच. झालं की."

"थांब, थांब," भाऊ म्हणाला. "तुझी खोली? वसतिगृहात तुझी खोली कशाला? तू बाळ्याकडे जाणार होतीस ना?"

"माझ्याकडे?" बाळ्याने भाऊकडे पाहिलं. "ती तुझ्याकडे येणार होती. मला म्हणाली, चिमी एकटी पडते, भाऊकडेच राहीन."

"मला म्हणाली, धाकटीला मदत लागते, बाळ्याकडे राहीन."

दोघेही ताईकडे वळले. ताईला एकाएकी कठड्यावरचं शेवाळ खरवडून काढायचं महत्त्वाचं काम आठवलं.

"आत्या!" चिमी म्हणाली. "तू दोघांनाही गंडवलंस?"

"गंडवलं काय त्यात? त्याला नवीन घर, याला नवीन घर. मी दोन्हीकडे मधे मधे. माझं काय, एक पिशवी उचलली की झालं."

"वा!" बाळ्याचा आवाज चढला. "म्हणजे लोक म्हणणार, दोन दोन भाऊ असून बहीण वसतिगृहात."

"लोकांचं सोड," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "ताई, आई गेली तेव्हा आम्ही दोघं भांडत बसलो की कोणी किती केलं. तू तर सगळंच केलं होतंस. तुझं नावसुद्धा त्या भांडणात नव्हतं."

आभार मानायची ताईला सवय होती, मानून घ्यायची नव्हती. कोणी असं काही बोलू लागलं की ती चहा ठेवायला उठायची. पण गच्चीवर चहा कुठे ठेवणार?

तेवढ्यात धाकटीने चादर सोडली.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "घर विकायचं मीच काढलं होतं. त्या स्वयंपाकघरात मला श्वास घेता येत नाही, हे मी हजारदा म्हटलंय. अजूनही म्हणते. पण ती बाई आली, आणि रोज सकाळी माझ्या शेजारी उभी राहून कांदा चिरते. तिला माझं कळत नाही, मला तिचं कळत नाही. मी माझ्या सासूबद्दल बडबडते, ती तिच्या सासूबद्दल बडबडत असणार. दोघी रडतो, दोघी कांद्यावर ढकलतो. तिच्या नवऱ्याच्या छातीवर टाके आहेत, आणि मी तिला जाऊन सांगू, बाई, बाडबिस्तरा उचल? मी नाही सांगणार. तुम्हा दोघांपैकी ज्याच्यात हिंमत असेल त्याने जावं."

"मी असं कुठे म्हटलं?" बाळ्या म्हणाला.

"मग काय म्हटलंस?" भाऊने विचारलं.

"मी म्हटलं शब्द दिलाय."

"शब्द मीही दिला होता. डेपोला. मार्ग सोडणार नाही म्हणून."

बाळ्याने स्टेडियमकडे पाहिलं. तिकडे आता गुडघाही उतरला होता, नुसता बूट उरला होता. मग त्याने खिशातून फोन काढला आणि गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेला. त्याचं बोलणं तुटक तुटक ऐकू येत होतं. "नाही, किंमत नाही हो... घरात आजारी माणूस आहे... नाही, नातेवाईक नाही... अहो, नातेवाईक नाही तरी आहे ना घरात!" शेवटचं वाक्य सगळ्या गल्लीने ऐकलं असेल.

तो परत आला आणि खुर्चीत बसला.

"काय म्हणाला?" भाऊने विचारलं.

"म्हणाला, कोपऱ्यावरचं घर तयार आहे, ते घेतो."

"म्हणजे गेला?"

"गेला."

ताईला वाटलं, आता एकमेकांवर खापर फुटणार. पण धाकटीच्या तोंडून आधी एक बारीकसा आवाज आला, मग ती हसायलाच लागली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. तिचं बघून चिमी हसू लागली. भाऊने न हसण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला.

"हसताय काय?" बाळ्या म्हणाला. "त्या स्वयंपाकघराचं काय?"

"भिंत पाड ना," भाऊ म्हणाला. "मागच्या कोठीची. इलेक्ट्रिशियन ना तू? एक भिंत पाडता येत नाही?"

"इलेक्ट्रिशियन भिंती पाडतात का?"

"मग मी पाडतो. बस घालतो भिंतीवर."

घर कायमचं राहिलं असं काही कोणी म्हटलं नाही. भाऊला डेपोजवळचं घर अजून हवं होतं, आणि पुढच्या वर्षी पाहू, असं तो जिना उतरताना पुटपुटलाही. पण कोठीची भिंत त्याच आठवड्यात पडली. सुतार ताईच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसायचा आणि भाऊ न् बाळ्या चुकीची पट्टी चुकीच्या जागी ठोकू लागले की जिवाच्या आकांताने हातवारे करायचा. ताई त्याच्यावर ओरडायची, हात खाली. तो हात खाली करायचा आणि मानेने सांगायचा. त्याचा रंग दिवसादिवसाने परतत होता. ताई रोज सकाळी त्याची नाडी बघायची, आणि मनगट सोडताना दर वेळी तिला वाटायचं की आपल्यालाच काहीतरी मिळालं. निवृत्त झाल्यापासून तिचे हात रिकामे होते. कोणाला सांगितलं नव्हतं तिने, पण होते.

पाहुणे गेले त्या दिवशी गल्लीतले बरेच लोक दाराशी आले. भाऊने डेपोतून एका दिवसासाठी सुट्टी घेतली होती, तरी विमानतळावर न्यायला स्वतःच गाडी चालवणार होता. सुताराने ताईचे दोन्ही हात धरले. चिमी पुढे सरकली, तो काही बोलेल ते सांगायला. पण तो बोललाच नाही. हात धरून उभा राहिला, बराच वेळ, आणि या वेळी ताईनेही ते सोडवून घेतले नाहीत.

धाकटी मात्र दाराच्या चौकटीला डोकं टेकून हमसून हमसून रडत होती. पाहुणीबाई तिच्यापाशी गेली, तिचे खांदे धरून तिला पायरीवर बसवलं आणि स्पष्ट शब्दांत म्हणाली, "बस की गं जरा!"

सगळे चकित झाले. मग लक्षात आलं की रोज स्वयंपाकघरात धाकटी तिला हेच म्हणत आली होती. एवढी एकच ओळ तिने आपल्या भाषेतली उचलली होती. रडता रडता धाकटी हसली, आणि पाहुणीबाई तिच्या शेजारी पायरीवर बसली, गाडी सुरू होईपर्यंत.

दोन दिवसांनी ताईला ताप चढला. बरेच दिवस अंगावर काढलेला शीण होता, दुसरं काही नाही. सकाळी तिने उठायचा प्रयत्न केला, तर धाकटीने तिला खांदा धरून खाली दाबलं. दुपारी तिला जाग आली तेव्हा खोलीत ऊन आलं होतं आणि पलंगाच्या पायथ्याशी चिमीला मधे घेऊन तिघं कुजबुजत भांडत होती.

"अरे, असं नाही धरत. उलटं धरलंयस तू थर्मामीटर."

"सरळच आहे. तुझे डोळे उलटे आहेत."

"दोघंही द्या इकडे. चिमी, तू बघ गं. आणि सूप गार होतंय, ते परत गरम करा. भाऊ, तुम्ही नको, मागच्या वेळी पातेलं जाळलंत."

"ओरडू नकोस, ताई उठेल."

ताई उठलेलीच होती. डोळे उघडले असते तर तिला थर्मामीटर मागून घ्यावा लागला असता, आकडा सांगावा लागला असता, आणि मला काही झालेलं नाही, तुम्ही आपापल्या कामाला जा, असं म्हणावं लागलं असतं. कपाळावर कुणाचा तरी हात आला. भाऊचा असावा. स्टिअरिंगने खरबरीत झालेला, ताप बघायची मुळीच सवय नसलेला. तो जिथे ठेवायचा तिथे नव्हता, भलतीकडेच केसांवर होता.

ताईने डोळे मिटूनच ठेवले, आणि तो हात तसाच राहू दिला.